डाव्या दारावरचा पोचा

मिहिर, प्रमिला आत्याआजी गेल्याचं तुला कळवल्यावर दहा मिनिटांत टोरांटोहून तुझा मेसेज आला. ‘आत्याआजी आता तिच्या लाडक्या डोंगरांत मनसोक्त फिरत असेल.’ त्याखाली डोंगराचं चित्र. सईनं ॲमस्टरडॅमहून त्याला एक बदाम चिकटवला. दवाखान्याच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी ते वाचलं आणि मला रडू आलं नाही, संताप आला. ती डोंगरांत फिरत नाहीये. ती आत, तीन नंबरच्या खोलीत, पांढऱ्या चादरीखाली आहे. आणि जेव्हा ती खरोखरच डोंगरांत जाऊ शकत होती, तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून तिला जाऊ दिलं नाही. हे मी तेव्हा लिहिलं नाही. ‘हो रे बाळा’ एवढंच लिहिलं. आता सहा आठवडे झाले आहेत, आणि ‘हो रे बाळा’ हे माझं उत्तर खोटं होतं, ते मला मागे घ्यायचं आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल ते इतरांनीही वाचावं, पण लिहिते आहे ते तुम्हा दोघांसाठी.

प्रमिला आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. मी त्यांना शेवटपर्यंत वन्सं म्हणत आले. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, आणि मी लग्न होऊन सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात आले तेव्हापासून आम्ही एकाच स्वयंपाकघरात वावरलो. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, घड्याळ लावून कामं करणारी. त्या नकाशा पसरून त्यावरच चहाचा कप ठेवणाऱ्या. चाळिशीत त्यांना गाडी शिकायची हुक्की आली. तुमच्या आजोबांनी शिकवायला साफ नकार दिला. ‘सोलापुरात चालवशील गं, घाटात कोण चालवणार?’ असं म्हणाले. वन्संनी मोटार ट्रेनिंगवाल्याकडे पहाटे साडेपाचचा वर्ग लावला, महिन्याभरात परवाना आणला आणि त्याच वर्षी दसऱ्यानंतर त्यांना मागच्या सीटवर बसवून कुंभार्ली घाट उतरून दाखवला. आजोबांनी पूर्ण घाटभर समोरच्या सीटची पाठ धरून ठेवली होती. पुढच्या वर्षी मात्र त्यांनीच विचारलं, ‘ताई, यंदा कधी निघायचं?’

दसरा झाला की दिवाळीच्या आत पाच दिवस, हा आमचा नेम. इथे सोलापुरात तेव्हा ऑक्टोबरचं ऊन भाजत असतं, काळ्या रानात ज्वारी नुकतीच पेरलेली असते, बघायला काहीसुद्धा नसतं. वन्सं वर्गात मुलींना सांगायच्या तेच आम्हालाही सांगायच्या. ‘आपण पर्जन्यछायेतली माणसं. तो सह्याद्री आपला पाऊस अडवून बसलाय. आपल्यावर सावली पाडणारा आहे तरी कोण, ते वर्षातून एकदा जाऊन बघून यावं.’ म्हणून निघायचं. महामार्ग त्यांना वर्ज्य. सांगोला, आटपाडी, विटा, कराड, पाटण, कोयना, असं गावागावांतून जायचं. डब्यात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दह्याची बाटली. प्रत्येक गावात गाडी थांबवून त्या खाली उतरत, मूठभर माती उचलून माझ्या तळहातावर ठेवत. सोलापूरची काळी, सांगोल्याची खडेमिश्रित भुरी, कराडची नदीकाठची गाळाची, आणि पाटणच्या पुढे एकदम लाल. ‘बघ सुमन, रंग कुठं बदलला.’ मी हात धुवायला पाणी मागायचे तर म्हणायच्या, ‘अगं, माती आहे ती, शेण नव्हे.’

सांगोल्याच्या अलीकडे दर वर्षी मेंढरं आडवी यायची. दुसरा कुणी हॉर्न वाजवेल. वन्सं गाडी बंद करून काच खाली घेत. एकदा घोंगडी पांघरलेली एक बाई काठी टेकून खिडकीशी आली आणि आत वाकून बघत म्हणाली, ‘म्हातारे, तूच चालवतीस व्हय?’

‘व्हय की.’

‘आन् ह्यो मागं बसलाय त्यो?’

‘माझा भाऊ. तो मागं बसून भितो.’

‘बरं हाय की! भ्यायाला बी कुनी लागतंच,’ म्हणून ती इतकी हसली की तिच्या मेंढ्यासुद्धा थबकल्या. मग तिनं आजोबांना नीट न्याहाळून वर आणखी म्हटलं, ‘भिऊ नगा दादा. बाई हलक्या हातानं चालवती. कोकरू बसलं असतं टपावर, तरी पडलं नसतं.’ वन्संना शाळेनं निरोपाच्या दिवशी चांदीची समई दिली, पण त्या कौतुकानं कधी आठवायच्या ते हे कोकरू.

आणि कुंभार्ली घाटाचा माथा तुम्हा दोघांना आठवतोय का? मिहिर, तू आठ वर्षांचा होतास, सई सहाची. पाऊस नुकताच सरलेला, उतारभर पिवळी सोनकी फुललेली, खाली कोकणाच्या बाजूला भाताचे तुकडे पिकायला आलेले. वन्संनी तुमच्या हातात पाण्याची एकच बाटली दिली आणि म्हणाल्या, ‘अर्धं इकडं ओत, अर्धं तिकडं. हे पाणी चिपळूणवरून अरबी समुद्रात जाणार. आणि ते कोयनेला मिळून कृष्णेतनं पार बंगालच्या उपसागरात. एका बाटलीनं दोन समुद्र.’ तू विचारलंस, ‘पण ते पाणी सोलापूरहून का नाही जात?’ वन्संनी तुझ्या पाठीवर थाप मारली. पुढे कितीतरी दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटल्या, ‘आमच्या मिहिरनं बरोबर प्रश्न विचारला बघा.’

पण मला तुम्हाला त्याच सहलीतला पुढचा दिवस आठवायला लावायचा आहे, कारण तो तुम्ही सोयीनं विसरलात. परतीच्या पावसाचा ढग कोयनानगरच्या वर उतरला होता. तुम्हाला पुन्हा माथ्यावर जायचं होतं, दोन समुद्रांचा खेळ पुन्हा खेळायचा होता. वन्संनी दोन वळणं घेतली, तिसऱ्या वळणावर गाडी कडेला लावली, खाली उतरून पाच पावलं चालून बघितली आणि परत येऊन म्हणाल्या, ‘मला पुढचा दगड दिसत नाही. परत.’ तुम्ही दोघांनी भोकाड पसरलंत. मिहिर, तू त्यांना ‘भित्री’ म्हणालास. आजोबाही म्हणाले, ‘अगं, एसटी जातेय की वर.’ वन्सं म्हणाल्या, ‘एसटीवाल्याला दिसत असेल. मला दिसत नाही.’ आणि गाडी वळवली. सत्तरी गाठल्यावर त्यांनी दिवस मावळल्यानंतर गाडी चालवणं बंद केलं, तेही आपणहून. आम्हाला कुणालाही सांगावं लागलं नाही. जिला आपल्या डोळ्यांची हद्द ठाऊक आहे आणि चारचौघांत ‘परत’ म्हणायची लाज वाटत नाही, तिच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही, तर मग कुणाच्या?

आता एप्रिल महिन्याची गोष्ट. आजोबा जाऊन पाच वर्षं झाली होती, आम्ही दोघी या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहत होतो, वन्संना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. एका सकाळी गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारावर भला मोठा पोचा दिसला. सोसायटीचे सेक्रेटरी तिथेच उभे होते. ‘मॅडम, कुठं लागली गाडी?’ वन्सं वाकून बघत म्हणाल्या, ‘लागली नाही. कुणीतरी लावलीय. ही काल होती तिथंच उभी आहे.’ सेक्रेटरी हसले. म्हातारी माणसं सबबी सांगतात तेव्हा लोक हसतात, तसं. दुपारी त्यांनी पोच्याचा फोटो तुमच्या बाबाला पुण्याला पाठवला. सोबत एक ओळ. ‘आजींच्या वयाचा विचार व्हावा.’

शिरीष माझाच मुलगा. त्यानं रविवारी सगळ्यांना व्हिडिओवर एकत्र केलं. तुम्ही दोघं, तो, आणि इकडे एका फोनसमोर आम्ही दोघी. काय मायेनं बोललात सगळे! सई, तू म्हणालीस, ‘आत्याआजी, इथं कुणी कुणाला दोष देत नाहीये. विषय फक्त सेफ्टीचा आहे.’ मिहिर, तू म्हणालास, ‘तू म्हणशील तेव्हा आपण ड्रायव्हरसकट गाडी बुक करू ना.’ शिरीष म्हणाला, ‘आत्या, उद्या रस्त्यावर एखादं पोरगं आडवं आलं म्हणजे?’ वन्सं एकच वाक्य तीनदा म्हणाल्या. ‘पण मी घासली नाही.’ त्यावर कुणीही काहीही विचारलं नाही. कधी दिसलं, गाडी आदल्या दिवशी बाहेर गेली होती का, शेजारी कुठलं वाहन होतं का... शाळेतली शिक्षिकासुद्धा बाकावरच्या मुलीला याहून अधिक प्रश्न विचारून मग शिक्षा करते. दोष देत नाही म्हणालात आणि शिक्षा दिलीत. दोष दिला असतात, तर निदान त्यांना तो खोडता आला असता.

मग वन्सं फोनकडे पाठ करून माझ्याकडे वळल्या. ‘सुमन, तू माझ्या डावीकडं बसतेस. इतकी वर्षं. तू सांग. मी कधी कुठं घासलीय?’

मला ठाऊक होतं, कुठंच नाही. एकदाही नाही. आदल्या दिवशी आम्ही घराबाहेर पडलोच नव्हतो, हेही मला ठाऊक होतं, जरा आठवलं असतं तर. पण समोर तीन चौकोनांत माझं सगळं गोत बसलं होतं, सगळे काळजीनं बघत होते, आणि मला तो विषय संपवायचा होता. मी म्हणाले, ‘वन्सं, वयानं होतं असं कधी कधी. आपल्या लक्षात येत नाही.’

वन्सं उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि कुकर लावला. मे महिन्यात शिरीष येऊन गाडी विकून गेला. घेणाऱ्याच्या हातात किल्ली वन्संनीच दिली. त्याला म्हणाल्या, ‘दुसरा गिअर टाकताना क्षणभर थांबा, ओढू नका. ती आपणहून येते.’ त्याला ते कळलंही नसावं. सप्टेंबरात, गणपती विसर्जनाला दोन दिवस उरले असताना, त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात दोन रात्री काढल्या आणि त्या गेल्या. मधल्या चार महिन्यांत त्यांनी गाडीचं नावसुद्धा काढलं नाही. ‘बघ, किती पटकन स्वीकारलं आत्यानं,’ असं शिरीष मला फोनवर म्हणाला होता. मीही ‘हो ना’ म्हणाले होते.

त्या गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात दाराची बेल वाजली. दारात टँकरचा ड्रायव्हर मल्लप्पा. वळसंगचा माणूस, नळाला पाणी नसेल त्या दिवशी सोसायटीत पाण्याचा टँकर आणतो. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली.

‘अक्का, टीचरबाई गेल्या म्हनं. मला आजच कळलं बगा.’

मी आत या म्हटलं. तो आला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला.

‘त्यांची माफी मागायची ऱ्हायली की वो. उनाळ्यात टँकर मागं घेताना त्यांच्या गाडीला माझा कोपरा लागला. दाराला पोचा आला मोठा. पहाटंची येळ, कुनी न्हवतं. म्या वॉचमनला सांगितलं, बाईस्नी सांग, मल्लप्पाची चूक हाय, दुरुस्त करून देतो म्हन. दुसऱ्या खेपंला इचारलं तर म्हनला, सेक्रेटरीसायबांना सांगितलंय. मग एक दिस गाडीच दिसंना. सेक्रेटरीसायेब म्हनले, ती गाडी इकली, मिटलं तुजं. तवा म्या बी गप बसलो... पर मनात ऱ्हायलं.’ मग माझ्याकडे बघून जरा घाबरून त्यानं विचारलं, ‘अक्का, त्यांना ठावं न्हवतं व्हय?’

त्याला मी पाणी दिलं. ज्या एका माणसानं चूक केली होती, त्या एकट्यानंच ती कबूल केली होती, आणि तो माझ्या उंबऱ्याबाहेर उभा राहून पाणी पीत होता. बाकी चूक न केलेले आम्ही सगळे!

तो गेल्यावर मी साडी बदलून सेक्रेटरींकडे गेले. ‘तुम्हाला माहीत होतं?’ ते सोफ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. ‘मॅडम, कळलं तोवर गाडीचं ठरलं होतं. म्हटलं, घरात कशाला गैरसमज वाढवायचे? आणि आता तर त्या गेल्या. जुने विषय कशाला उकरायचे?’

‘त्या गेल्या म्हणूनच,’ मी म्हणाले. ‘असत्या तर त्यांनी स्वतः विचारलं असतं, आणि तुम्हाला उभं राहावं लागलं असतं.’

मी लेखी तक्रार दिली. कमिटीच्या एप्रिलच्या इतिवृत्तात ‘एका ज्येष्ठ सभासदाच्या हातून वाहनाचा किरकोळ अपघात’ अशी नोंद होती, हे मला तेव्हा कळलं. ती नोंद दुरुस्त करून सभेत मोठ्यानं वाचून दाखवावी, एवढीच माझी मागणी होती. सभेला सहा जण हजर होते, त्यातले दोघे मोबाइल बघत होते. सेक्रेटरींनी ‘गैरसमजातून झालेली नोंद’ असं वाचलं. मी त्यांना थांबवलं आणि ‘चुकीची नोंद’ असं पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. कुणीतरी माझ्या मागून पुटपुटलं, ‘काय मिळालं आता यातून?’ काही मिळालं नाही. मिळवायला गेलेच नव्हते मी.

तुम्हालाही त्याच दिवशी सगळं सांगितलं. सई, तू रडलीस, ते मी तुझ्या खात्यावर जमा धरते. मिहिर, तू ‘फारच वाईट झालं गं’ म्हणालास, जणू कुठेतरी दूर पूर आला होता. आणि तुमचा बाबा समजूत घालत म्हणाला, ‘आई, तसंही वय झालंच होतं. आज ना उद्या चालवणं थांबवावं लागलंच असतं.’ आज ना उद्या! त्या आज आणि उद्याच्या मधोमध त्यांचा एक ऑक्टोबर होता. हाच ऑक्टोबर. त्या गेल्या तरी तो आलाच आहे. खाली रस्त्यावर झेंडूची तोरणं वाळतायत, पश्चिमेला आभाळ लख्ख आहे, आणि कुंभार्लीच्या माथ्यावर सोनकी फुलून आता उतरायला लागली असेल. गाडी असती आणि हा ऑक्टोबर समोर दिसत असता, तर त्या सप्टेंबरात गेल्या नसत्या, असलं काही मी म्हणत नाही. हृदयाला कारणं लागत नाहीत, हे डॉक्टरांनी मला समजावलं आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की, त्यांचे शेवटचे चार महिने त्या एका न केलेल्या चुकीच्या शिक्षेत गेले, आणि शिक्षा देणाऱ्यांत मी सगळ्यांत जवळ बसले होते.

माफी मागायला माणूस उरलेला नाही. म्हणून मी परवा त्यांच्या खोलीत गेले. बँकेला, पेन्शनच्या कचेरीला कागद द्यायचे होते, त्यासाठी टेबलाचा खण उघडला. सगळ्यात वर एक पोस्टानं आलेलं पाकीट होतं, नीट कात्रीनं कापलेलं. आत वाहन चालवण्याचा परवाना. नवा कोरा. मला वाटलं, मागल्या खेपेचा असेल. चष्मा लावून तारीख बघितली. जुलै महिना, यंदाचा.

गाडी मे महिन्यात विकली होती.

मग मला आठवलं. जुलैत एका दुपारी छत्री घेऊन ‘डोळे तपासून येते’ म्हणाल्या होत्या. ‘मी येऊ का बरोबर?’ विचारलं, तर ‘नको, तुला उन्हाचा त्रास होतो’ म्हणाल्या. बाहेर ऊन नव्हतं. रिक्षानं एकट्या गेल्या होत्या. पाकिटात डॉक्टरांच्या दाखल्याची प्रतही आहे. दूरचं दिसतं, जवळचं दिसतं, रंग ओळखता येतात, गाडी चालवण्यास योग्य. त्यांनी ते मला दाखवलं नाही, शिरीषला नाही, तुम्हाला नाही. कुणाला दाखवून काय उपयोग, हे आम्ही त्यांना एप्रिलमध्ये शिकवलं होतं. फोटोत केस नीट विंचरलेले आहेत आणि नजर सरळ समोर आहे, घाटातल्या वळणावर असायची तशी. परवाना पुढची पाच वर्षं चालणार आहे.

तो मी खणात परत ठेवलेला नाही. त्यांच्या टेबलावर, दिव्याला टेकवून, उभा ठेवला आहे. डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा बॅगा ठेवायच्या आधी त्या खोलीत जा. दोघांनी एकदम नको, एकेकानं जा. तारीख वाचा. मग बाहेर या आणि माझ्याशी बोला.